अजिंठ्याच्या प्रतिकृती आणि सादृश्याचा प्रश्न

वास्तवदर्शी चित्र एका टोकाला, अमूर्त चित्र दुसऱ्या टोकाला आणि उरलेली सारी चित्रकला मधल्या पायऱ्यांवर, अशी एक मोजपट्टी आपल्या समीक्षेने दीर्घकाळ गृहीत धरलेली आहे. कथा-कादंबरीच्या चर्चेत ‘हुबेहूब चित्रण’ ही प्रशस्ती येते तीही या मोजपट्टीवरूनच. परंतु सादृश्य म्हणजे नेमके कशाशी सादृश्य, आणि ते कोणी ठरवायचे, हा प्रश्न तिच्यात उपस्थितच होत नाही. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृतींचा इतिहास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. येथे भिंत एकच आहे. नक्कल करणारे मात्र वेगवेगळे, आणि प्रत्येकाचा दावा मुळाशी प्रामाणिक राहिल्याचा.

१८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मद्रासच्या सैन्यातील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याला हे काम दिले. त्याने कॅनव्हासवर तैलरंगात केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी पेस्तनजी बोमनजी आदी विद्यार्थ्यांना घेऊन ते काम पुन्हा आरंभले. त्यांतल्याही पुष्कळ प्रती १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथे आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. या विद्यार्थ्यांचा हात ग्रीक शिल्पांच्या प्लास्टरच्या साच्यांवरून छायाप्रकाश गिरवीत तयार झालेला होता. अजिंठ्याच्या आकृतींना गोलाई आहे, पण तिचा उगम विशिष्ट दिशेने येणाऱ्या प्रकाशात नाही. त्यांची सावली जमिनीवर पडत नाही. म्हणजे ज्याला ते ‘निसर्गानुसारी’ म्हणावयास शिकले होते, ती स्वतःच एक आयात केलेली रूढी होती.

ग्रिफिथ्स यांना ही अडचण जाणवली असावी. सोळाव्या लेण्यातील ‘मरणोन्मुख राजकन्ये’विषयी त्यांनी लिहिले, की फ्लोरेन्सच्या चित्रकाराने रेखन आणि व्हेनिसच्या चित्रकाराने रंग अधिक चांगले साधले असते, परंतु याहून अधिक भाव त्यांपैकी कोणालाही भरता आला नसता. ही कबुली महत्त्वाची आहे. रेखन व रंग ही साम्याची दोन्ही साधने उणी ठरवूनही चित्र खरे ठरते, असे येथे त्या मोजपट्टीचाच एक पाईक सांगतो आहे. (ती स्त्री मरणोन्मुख नसून नंदाची पत्नी सुंदरी आहे, हे पुढील अभ्यासकांनी दाखवले, म्हणजे भाव ओळखला, कथा हुकली.)

१९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांच्यासमवेत नंदलाल बोस, असितकुमार हलदार प्रभृती चित्रकार आले. त्यांच्या प्रतींत तैलरंगाचा जडपणा मावळतो आणि रेषा पुढे येते. त्यांना अजिंठा दिसला तो बंगालच्या नव्या चित्रशैलीच्या डोळ्यांनी. मग हुबेहूब प्रत कोणती?

भिंतीकडेच वळले तर प्रश्न आणखी बिकट होतो. एकाच चौकटीत पाने, हत्ती, हातांच्या मुद्रा विलक्षण निरीक्षणाने येतात आणि त्यांच्याच शेजारी डोंगर मात्र धारदार कडांच्या ठोकळ्यांची रास होऊन उभा असतो. छतावर फळेफुले व प्राणी पाहता पाहता निव्वळ नक्षी होतात. मोजपट्टीची दोन्ही टोके एकाच काळी, एकाच लेण्यात नांदतात. तेथे विकासक्रम शोधणे व्यर्थ आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्र ‘सत्य’ हा चित्राच्या चार प्रकारांपैकी केवळ एक मानते, आणि कामसूत्राचा टीकाकार यशोधर षडंगांत सादृश्याला भाव व लावण्ययोजना यांच्या पंक्तीला बसवतो. शास्त्रग्रंथांवरून चित्रे वाचण्याचा मोह मी टाळतो. पण सादृश्य हे अनेकांतले एक अंग आहे, ही जाण त्यांतून निश्चित मिळते.

नकलेच्या आग्रहाची किंमत भिंतीने मोजली. रंग स्पष्ट दिसावेत म्हणून नक्कलकारांनी चित्रांवर रोगण चढवले. १९२० नंतर निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी संरक्षणासाठी लाखेचा थर दिला. हे थर पिवळे-काळपट पडले आणि पुढे ते उतरवण्याचे काम पुरातत्त्व खात्याकडे आले. दरम्यान काही भाग गळून पडला. त्या जागी काय होते हे आज ग्रिफिथ्स यांच्या लंडनमधील उरलेल्या प्रतींवरूनच कळते, आणि त्या प्रती मुळाशी जुळतात की नाही हे ताडून पाहण्यास तेथे भिंतीवर केवळ उघडा खडक आहे.