धाकट्या बहिणीचा नायक : ॲन ब्राँटे आणि एका वेबकॉमिकमधील विनोद

१/ तीन बहिणी येणारेजाणारे पुरुष न्याहाळत आहेत. थोरल्या दोघींना प्रत्येक उर्मट, संतापी पुरुषात प्रेमकथेचा नायक दिसतो. धाकटीला मात्र त्यात निव्वळ दारुडा दिसतो. ती तसे बोलून दाखवते, तेव्हा दोघी तिच्यावरच उखडतात : म्हणूनच तुझी पुस्तके कोणी घेत नाही!

२/ या बहिणी म्हणजे शार्लट, एमिली आणि ॲन ब्राँटे. चित्रकर्त्या केट बीटन कॅनडातील केप ब्रेटन बेटावरच्या. इतिहास व मानववंशशास्त्राचे शिक्षण घेतल्यावर शैक्षणिक कर्ज फेडण्यासाठी त्यांनी आल्बर्टातील तेलखाणींवर नोकरी केली. त्यांचे ‘हार्क! अ व्हेग्रंट’ हे वेबकॉमिक २००७ मध्ये सुरू झाले.

३/ गतकाळातील व्यक्तींच्या तोंडी आजची बेधडक बोली घालणे, ही बीटन यांची हातोटी. प्रसंग उघडच हास्यास्पद असतो. पण त्यातली खोच कळण्यासाठी मूळ कादंबऱ्या ठाऊक असाव्या लागतात.

४/ १८४७ मध्ये शार्लटची ‘जेन एअर’ आणि एमिलीची ‘वुदरिंग हाइट्स’ प्रसिद्ध झाली. एकीचा रोचेस्टर पत्नीला वरच्या मजल्यावर कोंडून ठेवतो. दुसरीचा हीथक्लिफ सूडापायी दोन घराण्यांची धूळधाण करतो. तरीही वाचकांच्या कित्येक पिढ्यांनी या दोघांवर जीव टाकला.

५/ ॲनने मात्र ‘द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल’ (१८४८) मध्ये अशा पुरुषाशी संसार केल्यास काय होते, ते लिहिले. हेलन मद्यपी पतीला सोडते, लहान मुलाला घेऊन निघून जाते आणि नाव बदलून, चित्रे विकून पोट भरते.

६/ तत्कालीन इंग्रजी कायद्यानुसार विवाहितेची मिळकत पतीची ठरे आणि अपत्यांवर पहिला हक्क पित्याचा असे. म्हणजे हेलनची कमाईही कायद्याच्या दृष्टीने तिची नव्हती आणि मुलाला घेऊन जाणे हाही कायद्याचा भंगच होता.

७/ व्यसनाची ही वर्णने ॲनने ऐकीव माहितीवर लिहिलेली नव्हती. भाऊ ब्रॅनवेल दारू आणि अफूच्या आहारी गेलेला तिने घरातच पाहिला. कादंबरी प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, सप्टेंबरमध्ये तो वारला.

८/ आता विनोदाची पडताळणी. ॲनची पुस्तके कोणी घेत नव्हते, हे खरे नाही. ‘टेनंट’ची दुसरी आवृत्ती त्याच वर्षी निघाली. पुस्तकाचा घात वाचकांच्या अनास्थेने केला नाही. तो घरातून झाला.

९/ मे १८४९ मध्ये ॲनचे निधन झाले. १८५० मध्ये शार्लटने बहिणींच्या कादंबऱ्यांची नवी आवृत्ती सिद्ध केली. तीत ‘वुदरिंग हाइट्स’ होती, ॲनची ‘ॲग्नेस ग्रे’ही होती, ‘टेनंट’ नव्हती. या कादंबरीचा विषयच चुकला, ती जतन करण्याजोगी नाही, असे शार्लटचे मत होते. १८५४ च्या स्वस्त आवृत्तीत तर आरंभीचे पत्रच गाळले गेले आणि पुढे कित्येक वर्षे हीच कापलेली संहिता छापली जात राहिली.

१०/ शार्लटचा हेतू दुष्ट होता असे म्हणता येत नाही. दोन वर्षांत तीन भावंडे गमावलेल्या बहिणीला, भावाच्या पतनाची आठवण देणारे पुस्तक नकोसे वाटले असेल. परिणाम मात्र तोच झाला. बीटन यांच्या चित्रांत तपशील चुकला आहे, अन्याय अचूक टिपला आहे : गप्प बसवणाऱ्या सख्ख्या बहिणीच आहेत.

११/ ॲनला स्कारबरो येथे पुरले. मृत्यूसमयी ती २९ वर्षांची होती. तिच्या थडग्याच्या दगडावर मात्र वय कोरले आहे २८.