प्रकाशजन्य काळवंडण (अर्धसंवाहकयुक्त काचेतील)

कॅडमियम सल्फाइड व कॅडमियम सेलेनाइड यांचे काही नॅनोमीटर व्यासाचे स्फटिककण ज्या काचेत विखुरलेले असतात, तिच्यावर तीव्र लेसरकिरण बराच काळ पडले असता तिच्या प्रकाशीय गुणधर्मांत जो टिकाऊ फेरफार होतो, त्यास ही संज्ञा आहे. बाजारात मिळणाऱ्या पिवळ्या, नारिंगी व तांबड्या गाळणकाचा याच जातीच्या होत. कण जितका लहान, तितकी त्याची शोषणसीमा निळ्या रंगाकडे सरकते, हे एकिमोव्ह व ओनुश्चेंको यांनी १९८१ साली क्युप्रस क्लोराइडयुक्त काचेवरून दाखविले. या संशोधनाच्या परंपरेस २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक लाभले.

तीव्र प्रकाशाचा पहिला परिणाम क्षणिक असतो. इलेक्ट्रॉन व विवरे यांनी कणातील ठरावीक ऊर्जास्थिती व्यापल्या, की शोषण घटते, आणि त्यांचा पुन्हा संयोग होताच ते पूर्ववत होते. जैन व लिंड यांनी १९८३ मध्ये या काचांची अरेखीय (प्रकाशाच्या तीव्रतेनुसार बदलणारी) प्रतिक्रिया मोजल्यावर प्रकाशानेच चालणाऱ्या शीघ्र स्विचांची मोठी आशा निर्माण झाली.

परंतु ज्या प्रकाशाने काचेचा हा गुण पारखावयाचा, तोच प्रकाश काचेची मूळ प्रकृती बदलून टाकतो, ही या विषयातील खरी विचार करण्याजोगी बाब आहे. दीर्घ किरणनानंतर संदीप्ती मंदावते, शोषण किंचित वाढते, अरेखीय प्रतिक्रिया क्षीण होते, आणि नॅनोसेकंदांत मोजला जाणारा तिचा काळ दहा ते शंभर पिकोसेकंदांच्या टप्प्यापर्यंत उतरतो. म्हणजे काच शीघ्र होते, पण शक्तीचे मोल देऊन. काहीशे अंश सेल्सियसपर्यंत तापविल्यास काच बहुतांशी पूर्वस्थितीवर येते; यावरून स्फटिक वितळून नष्ट होत नाहीत, हे उघड होते.

सर्वसाधारणपणे मान्य असलेली मीमांसा अशी, की उद्दीपित इलेक्ट्रॉन कणाबाहेर फेकला जाऊन काचेतील दोषस्थानी अडकतो व मागे राहिलेला कण विद्युत्‌भारित होतो; अशा कणात पुढे निर्माण होणारी ऊर्जा, ओझे (Auger) प्रक्रियेने, प्रकाशाऐवजी उरलेल्या भारालाच मिळते. एकेकट्या कॅडमियम सेलेनाइड कणाची १९९६ साली दिसलेली लुकलुक एफ्रोस व रोझेन यांनी १९९७ मध्ये याच तत्त्वावर उलगडली. कणाभोवती झिंक सल्फाइडचे कवच चढविल्यास पृष्ठभागावरील दोषांचा उपद्रव पुष्कळ कमी होतो.

मापनाच्या प्रकाशानेच काच अशी बदलत असल्यामुळे तिच्यावर पूर्वी किती प्रकाश पडला होता याची नोंद नसलेली मापने परस्परांशी ताडून पाहण्यास ग्राह्य धरू नयेत.