पत्र दारापर्यंत कसे आले?

आपल्या गावी टपाल येते ते कुणाच्या हातून, हे लहान मूलही सांगेल. पण टपाल गावापर्यंत येऊ लागले केव्हा, आणि पत्र घालायला दोनशे वर्षांपूर्वी काय पडत असे, असा प्रश्न शाळेत विचारून पाहा. बहुतेक वर्ग गप्प बसेल. राजांच्या लढाया आपण पाठ करतो. पण ज्या व्यवस्थेने घराघराला बाहेरच्या जगाशी जोडले, तिचा इतिहास आपल्या पुस्तकांत दोन ओळींत उरकतो. आज आपण त्याच इतिहासाकडे थोडे निरखून पाहू.

मराठेशाहीत पत्रे नेण्याचे काम जासूद करीत. बहुधा दोघे मिळून निघत. एक आजारी पडला वा मारला गेला तरी दुसऱ्याने मजकूर पोहोचवावा, ही त्यामागची सावधगिरी. पण ही सोय सरकारची, सरदारांची आणि सावकारांची. पानिपतचा घात झाला १४ जानेवारी १७६१ रोजी. नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघालेले होते. त्यांना ती बातमी पहिल्याने कळली ती एका सावकाराच्या पत्रातून, असे इतिहासात नमूद आहे. राज्याच्या धन्याला जिथे बातमीची वाट पाहावी लागे, तिथे फौजेबरोबर गेलेल्या शिपायाच्या बायकोला खेड्यात काय कळणार? तिला कळे ते महिनोन्‌महिन्यांनी, परत आलेल्या एखाद्या माणसाच्या तोंडून. पुष्कळींना तर कधीच कळले नाही.

पुढे कंपनीचे राज्य आले. तिने आपल्या कागदपत्रांसाठी डाक बसवली, आणि १७७४ साली वॉरन हेस्टिंग्जने ती सामान्य लोकांना खुली केली. दर शंभर मैलांना दोन आणे असा आकार ठरला. म्हणजे लांबचे पत्र महाग, जवळचे स्वस्त. ऐकायला हे न्यायाचे वाटते. हरकारा जितका जास्त पळेल तितकी मजुरी जास्त, त्यात गैर काय? पण याचा अर्थ काय झाला पाहा. १८३७ सालच्या कायद्यानंतर कलकत्त्याहून मुंबईला एक तोळा वजनाचे पत्र घालायचे तर एक रुपया पडे. त्या काळचा रुपया म्हणजे मजुराची कितीतरी दिवसांची कमाई. ज्याचे माणूस दूर गेले, त्यालाच पत्राची निकड जास्त. आणि नेमके त्यालाच ते परवडत नसे.

पार्सलांची तऱ्हा आणखी वेगळी. खांद्यावरच्या कावडीत दोन्ही बाजूंना ओझे लावून माणसे ती टप्प्याटप्प्याने नेत. रानावनातून जाणाऱ्या टपालवाल्याच्या हातात भाला असे आणि त्याला घुंगरे बांधलेली असत. घुंगरांचा आवाज आला की लोक वाट देत, आणि जनावर बिचकून दूर जाई.

या साऱ्याला वळण लागले ते १८५४ साली. त्याआधी विलायतेत रोलंड हिल नावाच्या गृहस्थाने हिशोब मांडून दाखवले होते की पत्राच्या खर्चात प्रत्यक्ष वाहतुकीचा वाटा अगदी थोडा; खरा खर्च पत्र गोळा करणे, त्याची नोंद ठेवणे आणि ते वाटणे यांत आहे. तेव्हा अंतराप्रमाणे दर लावण्यात मतलब नाही. तिकडे १८४० पासून देशभर एकच दर झाला. आपल्याकडे सिंधचा कमिशनर बार्टल फ्रिअर याने १८५२ साली सिंध प्रांतापुरती अर्ध्या आण्याची तिकिटे काढली. हाच फ्रिअर पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला. मग १ ऑक्टोबर १८५४ पासून साऱ्या हिंदुस्थानात नवा नियम आला. पाव तोळा वजनाच्या पत्राला अर्धा आणा. मग ते शेजारच्या तालुक्याला जावो की पेशावरला. एक तोळ्याच्या ज्या पत्राला पूर्वी सोळा आणे पडत, ते आता दोन आण्यांत जाऊ लागले.

शिक्षक बंधुभगिनींनी मुलांना ही गोष्ट मुद्दाम समजावून सांगावी, असे मला वाटते. हा नुसता दर कमी झाला असे नव्हे. दरातून अंतरच काढून टाकले गेले. राजधानीच्या शेजारी राहणारा आणि डोंगरापलीकडे राहणारा, दोघे टपालाच्या खिडकीशी सारखे झाले. परक्या सरकारने हे केले ते आपल्या कारभाराच्या आणि व्यापाराच्या सोयीसाठी, यात शंका नाही. पण एकदा केलेल्या सोयीचा उपयोग लोक आपल्या मनाप्रमाणे करतात, आणि तसेच झाले.

तो कसा, तेही पाहू. १८७७ साली व्ही. पी. आली. पुस्तक आधी दारात, पैसे मग पोस्टमनच्या हाती. त्यामुळे जिथे पुस्तकाचे दुकान नाही तिथेही पुस्तक पोहोचले. १८७९ साली एका पैशाचे कार्ड निघाले. १८८० पासून मनिऑर्डर टपालखात्याकडे आली. ‘दीनबंधू’ १८७७ सालचा आणि ‘केसरी’ १८८१ सालचा. अशी पत्रे टपालाने गावोगाव जात आणि पारावर, चावडीत मोठ्याने वाचली जात. मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या कोकणातल्या, साताऱ्याकडच्या माणसाने पाठवलेल्या मनिऑर्डरीवर मागे गावी कितीतरी चुली पेटल्या. पोस्टमन यायचा, घरधनीण अंगठा उठवायची, आणि खालच्या चिठोऱ्यावरचा मजकूर पोस्टमनच वाचून दाखवायचा. पैसे आणि खुशाली एकदमच हाती पडत.

खेड्यात टपालकचेरी चालवणार कोण? पगारी माणूस ठेवणे परवडेना. तेव्हा गावचा शाळामास्तर किंवा दुकानदार यालाच थोड्या मेहनतान्यावर हे काम दिले गेले. शाळा सुटली की मास्तर तिकिटे विकायचे आणि थैली उघडायचे. आजचा ग्रामीण डाकसेवक हा त्याच परंपरेतला माणूस.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशात २३,३४४ टपालकचेऱ्या होत्या. आज त्या एक लाख साठ हजारांवर आहेत, आणि त्यांतल्या दहापैकी नऊ खेड्यांत आहेत. १९४९ साली रात्रीच्या विमानटपालाची योजना निघाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरास जमत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि उजाडायच्या आत माघारी फिरत. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला. त्यामागे कोकणातले एक संस्कृतज्ञ अधिकारी होते, श्रीराम भिकाजी वेलणकर. वडगाव म्हटले की कुठले वडगाव? आणि पत्ता कानडीत वा बंगालीत लिहिला असेल तर मुंबईच्या माणसाने तो वाचायचा कसा? सहा आकड्यांनी ही अडचण सोडवली. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा छाननीच्या जिल्ह्याचा आणि शेवटचे तीन नेमक्या कचेरीचे. ४११ दिसले की पत्र पुण्याकडे निघते, भाषा कोणतीही असो.

त्यानंतरचे बदल आपल्या डोळ्यांसमोरचे आहेत. १९८६ साली स्पीड पोस्ट आले. २०१३ साली तार बंद झाली, २०१५ साली जुनी कागदी मनिऑर्डर गेली. खुशाली मोबाईलवर कळते, पैसे बँकेत जमा होतात; टपालाच्या थैलीत पत्रे कमी आणि पार्सले जास्त झाली. १८९८ चा टपाल कायदा जाऊन २०२३ चा नवा कायदा जून २०२४ पासून लागू झाला, आणि पत्रे वाहण्याचा सरकारचा जुना मक्ता त्यात राहिला नाही. २०२५ साली देशांतर्गत रजिस्टर टपालही स्पीड पोस्टात मिसळून गेले. पत्र ज्याचे त्याच्याच हाती द्यावे, ही रजिस्टरची खूण आता जादा आकार भरून मागून घ्यावी लागते.

इथे जरा थांबून विचार करा. साध्या पत्राला आजही देशभर एकच दर आहे. पण स्पीड पोस्टात गावातला दर वेगळा आणि गावाबाहेरचा वेगळा. वजन ५० ग्रॅमच्या पुढे गेले की अंतराचे टप्पेही लागतात. १८५४ साली दरातून जे अंतर काढले होते, ते महत्त्वाच्या कागदांपुरते तरी पुन्हा आत आले आहे. कोर्टाची नोटीस, नोकरीचा हुकूम, जमिनीचा कागद या गोष्टी मोबाईलवर भागत नाहीत. शहरात दहा कुरिअरवाले आहेत. धनगरवाड्यावर किंवा पाड्यावर जाणारा मात्र बहुधा एकच, तो डाकसेवक.

काळाबरोबर टपालाने बदलावे, हे मान्यच आहे. घुंगरांचा भाला परत आणा असे कुणी म्हणणार नाही. पण शेवटच्या घराला पहिल्या घराइतकाच दर, ही गोष्ट जुनी म्हणून टाकून देण्यासारखी नाही. ती हिशोबाने सिद्ध झालेली आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या चालून आलेली आहे.

तेव्हा शिक्षकांना एक सुचवतो. आपल्या गावची टपालकचेरी कोणत्या साली उघडली, आधी टपाल कुठून येई, पहिले पोस्टमास्तर कोण होते, हे मुलांना शोधू द्या. म्हाताऱ्या माणसांकडे जपून ठेवलेली जुनी कार्डे मागून घ्या, त्यांवरचे शिक्के वाचा. आणि ग्रामस्थहो, महत्त्वाचा कागद पाठवताना तो त्याच माणसाच्या हाती पडावा अशी सोय खिडकीशी विचारून घ्या. कचेरी हलवण्याची वा बंद करण्याची गोष्ट निघाली, तर गावाचे म्हणणे लेखी कळवा. ते पत्रही टपालानेच जाऊ द्या.