सिंहासनावरील स्थितप्रज्ञ



औंढ्याला जाऊन नागनाथाचे दर्शन घेतले नाही, असा मनुष्य या सभेत क्वचितच सापडेल. १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि औंढा तिकडे गेले. तोवर ते आपल्याच परभणी जिल्ह्यात होते. त्या देवळाला प्रदक्षिणा घालताना एक गोष्ट सहज नजरेत भरते. खालचे कोरीव दगडी काम यादवकालीन आहे. वरचे बांधकाम आणि शिखर मात्र निराळ्या काळातले, निराळ्या हातचे आहे. भग्न देवळावर पुन्हा शिखर चढले, आणि त्या जीर्णोद्धाराशी अहिल्याबाई होळकरांचे नाव आजही जोडले जाते. त्या काळी हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. अहिल्याबाईंची राजधानी दूर नर्मदाकाठी महेश्वरला होती. आपल्या राज्याबाहेरच्या देवस्थानाची चिंता वाहणारी ही बाई मनाने कशी असेल, असा प्रश्न त्या शिखराकडे पाहताना पडतो.

आजच्या व्याख्यानाचा विषय आहे रोमचा सम्राट मार्कस ऑरेलियस. मग आरंभ औंढ्यापासून का, असे आपण विचाराल. त्याचे कारण असे की, त्या सम्राटाला आयुष्याने जी परीक्षा घातली, तीच सोळा शतकांनंतर आपल्या घरच्या या राणीला घातली. सर्व सत्ता हाती असताना मनाचा तोल कसा राखावा आणि घरात मृत्यूचे थैमान चालू असताना दारी आलेल्या फिर्यादीचा न्याय कसा करावा, ही ती परीक्षा. गीतेने स्थितप्रज्ञाची लक्षणे सांगितली. पण स्थितप्रज्ञाला राज्य करावे लागले तर काय होते, हे इतिहासाच्याच पानांवर शोधावे लागते.

रोम म्हणजे आपल्याला अगदी परका देश, असेही समजू नये. जी गोदावरी आपल्या जिल्ह्यातून गंगाखेडवरून वाहते, तिच्याच काठी वर पैठण आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या सागरी मार्गदर्शिकेत पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, या दोन्ही पेठांची नावे आहेत. तेथला माल गाड्यांनी भडोचला जाई आणि तेथून जहाजांनी पश्चिमेकडे. सारांश, ज्या साम्राज्याशी आपल्या मुलखाची देवघेव होती, त्याच साम्राज्याच्या एका धन्याची ही कथा आहे.

मार्कसचा जन्म रोममध्ये १२१ साली झाला. वडील लहानपणीच वारले. आजोबांनी सांभाळ केला. मुलगा गंभीर आणि सत्यप्रिय. सम्राट हेड्रियनचे त्याच्यावर लक्ष गेले. १३८ साली हेड्रियनने अँटोनायनस या प्रौढ गृहस्थाला दत्तक घेतले, ते अशा अटीवर की, त्याने मार्कस आणि लूशियस या दोन मुलांना दत्तक घ्यावे. अँटोनायनसने तेवीस वर्षे शांततेने राज्य केले आणि तेवीस वर्षे मार्कसने त्याच्या शेजारी बसून राज्यकारभाराचे धडे घेतले. १६१ साली तो सम्राट झाला, तेव्हा त्याने पहिली गोष्ट केली ती ही की, लूशियसलाही बरोबरीचा सम्राट केले. हाती आलेली सत्ता आपण होऊन वाटून घेणारा राजा विरळा!

या मनाची घडण ज्या तत्त्वज्ञानाने केली, त्याला स्टोइक मत म्हणतात. इसवी सनापूर्वी ३००च्या सुमारास झेनो नावाचा विचारवंत अथेन्समध्ये एका चित्रांनी सजविलेल्या ओवरीत शिकवीत असे. ग्रीक भाषेत ओवरीला ‘स्टोआ’ म्हणतात. त्यावरून हे नाव पडले. या मताचे सार सोपे आहे. जगात काही गोष्टी आपल्या हातच्या असतात, काही नसतात. आपले विचार, आपली इच्छा, आपले वर्तन या आपल्या हातच्या. शरीर, संपत्ती, कीर्ती, लोकांचे मत, मृत्यू या नव्हेत. जे हातचे नाही त्याच्यासाठी जळू नये आणि जे हातचे आहे त्यात कसूर करू नये. दुसरे असे की, सर्व माणसे एकाच विश्वनगरीचे नागरिक आहेत. म्हणून एकमेकांसाठी झटणे हाच मनुष्याचा स्वभावधर्म होय.

हे मार्कस शिकला कोणाकडून? त्याचा गुरू रस्टिकस याने त्याला एपिक्टेटसची प्रवचने वाचावयास दिली. एपिक्टेटस हा एके काळचा गुलाम. मालकाच्या मर्जीवर ज्याचा देह, त्याने सांगितले की, माझे मन माझ्या स्वाधीन आहे. त्याने स्वतः काही लिहिले नाही. शिष्याने टिपून ठेवले. आणि त्या गुलामाचे बोल साम्राज्याच्या धन्याने शिरोधार्य मानले! आपल्याला याचे नवल वाटू नये. गंगाखेडची जनाबाई परंपरेप्रमाणे नामदेवांच्या घरची दासीच होती, आणि दळण दळणाऱ्या त्या बाईचे अभंग आज थोरथोर पंडित डोळे मिटून ऐकतात. ज्ञानाला घराण्याची पायरी नसते.

मार्कसच्या राज्यात अँटोनायनसच्या काळची शांतता राहिली नाही. आरंभीच टायबर नदीला पूर आला आणि दुष्काळ पडला. पूर्वेकडे पार्थियनांशी युद्ध जुंपले. ते जिंकून परतणाऱ्या सैन्याने बरोबर साथ आणली. त्या साथीने साम्राज्यभर माणसे किड्यामुंग्यांसारखी मेली. इतक्यात उत्तरेकडून डॅन्यूब ओलांडून टोळ्या चालून आल्या. खजिना रिकामा झाला, तेव्हा प्रजेवर नवा कर न बसविता मार्कसने राजवाड्यातील सोन्याची भांडी, जडजवाहीर आणि राणीची रेशमी वस्त्रे भर चौकात लिलावास काढली. ज्याला पुस्तकांत रमावयाचे होते, त्याची उरलेली बरीच वर्षे उत्तरेच्या थंडीत, छावणीच्या तंबूत गेली.

त्या छावणीत तो एक वही लिहीत असे. रोमचा सम्राट, पण लिहिले ग्रीक भाषेत. आणि तेही लोकांसाठी नव्हे, स्वतःसाठी. तिच्या एका भागावर क्वादी लोकांच्या मुलखातील नदीकाठचा आणि दुसऱ्यावर कार्नुंटम येथील ठाण्याचा उल्लेख आढळतो. आज आपण ज्याला मार्कसचे ‘आत्मचिंतन’ म्हणतो ते बारा भागांचे पुस्तक हेच. १५५९ साली ते प्रथम छापले गेले. त्यात राजाचा थाट कोठेही नाही. सकाळी अंथरुणातून उठण्याचा कंटाळा आला तर स्वतःची कानउघाडणी आहे. आज दिवसभरात कृतघ्न, उद्धट, मत्सरी माणसे भेटतील, पण ती आपलीच भावंडे आहेत, अशी मनाची तयारी आहे. कीर्ती ही धुरासारखी आहे, याची पुन्हा पुन्हा आठवण आहे. उपदेश करणारे जगात पुष्कळ असतात. परंतु हा सम्राट उपदेश करतो तो स्वतःलाच.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्टोइक म्हणजे दगडाच्या काळजाचा, असे पुष्कळांना वाटते. प्राचीन चरित्रकाराने एक आठवण दिली आहे. मार्कस तरुण असताना त्याला वाढविणारा शिक्षक वारला आणि तो रडू लागला. दरबारी लोक त्याला आवरू लागले, तेव्हा अँटोनायनस म्हणाला की, त्याला माणूस राहू द्या. तत्त्वज्ञान असो वा साम्राज्य, दोहोंनाही माणसाची माया हिरावून घेता येत नाही. पुढे मार्कसला किमान तेरा अपत्ये झाली आणि त्यांतली बहुतेक बालपणीच गेली. तो युद्धावर निघण्याच्या सुमारास त्याचा सात वर्षांचा मुलगा कानाखालच्या गाठीवर शस्त्रक्रिया झाल्यानंतर दगावला. चरित्रकार सांगतो की, मार्कसने पाच दिवस शोक केला, उलट वैद्यांचेच सांत्वन केले आणि तो पुन्हा कामाला लागला.

१७५ साली अॅव्हिडियस कॅसियस या सेनापतीने बंड केले. थोड्याच दिवसांत त्याच्याच माणसांनी त्याला मारले आणि त्याचे शिर सम्राटाकडे पाठविले. मार्कसने ते पाहण्याचेही नाकारून त्याचे दफन करविले. क्षमा करण्याची संधी गेली, याचेच त्याला वाईट वाटले.

आता नर्मदाकाठी येऊ. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ सालचा, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चोंडी गावचा. मल्हारराव होळकरांची ही सून. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने पती खंडेराव गेले. सती जाण्यास निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी परत फिरविले आणि राज्यकारभाराला लावले. १७६६ साली तो आधारही गेला. १७६७ साली मुलगा मालेराव गेला. गादीला धनी नाही असे पाहून राघोबादादांची नजर दौलतीकडे वळली. पण बाई डगमगल्या नाहीत. थोरल्या माधवराव पेशव्यांनी त्यांचा अधिकार मान्य केला. मार्कसने लूशियसला जवळ घेतले, तसे बाईंनी फौजेचे काम तुकोजी होळकरांच्या हाती दिले आणि मुलकी कारभार स्वतः पाहिला.

जॉन माल्कम हा इंग्रज अधिकारी पुढे माळव्यात होता. अहिल्याबाईंना जवळून पाहिलेली माणसे तेव्हा हयात होती. त्यांच्याकडून विचारून त्याने १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात बाईंचा दिनक्रम दिला आहे. पहाटेपूर्वी उठणे, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म. दुपारी दोनपासून संध्याकाळपर्यंत उघडा दरबार. रात्री नऊपासून अकरापर्यंत पुन्हा कामकाज. फिर्याद घेऊन आलेल्याचे म्हणणे त्या स्वतः ऐकत. त्यानेच आणखी एक गोष्ट नमूद केली आहे. एका ब्राह्मणाने बाईंच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, आपण इतक्या स्तुतीला पात्र नाही असे म्हटले आणि ग्रंथ नर्मदेत टाकविला! मार्कसने वहीत जे लिहिले ते बाईंनी नदीच्या काठी करून दाखविले. आणि त्यांनी त्याचे नावही ऐकले असण्याचा संभव नाही.

परीक्षेचा शेवटचा प्रश्न सर्वांत कठीण होता. मुलगी मुक्ताबाई हा एकच आधार उरला होता. आधी तिचा मुलगा गेला. नंतर १७९१ साली जावई यशवंतराव फणसे गेले. मुक्ताबाई सती जाण्यास निघाली. आईने विनवण्या केल्या, पण मुलगी बधली नाही. माल्कम लिहितो की, ते दृश्य पाहताना बाईंचा धीर सुटला. नंतर त्यांनी नर्मदेत स्नान केले, आणि तीन दिवस त्या जवळजवळ अन्नावाचून, एक शब्दही न बोलता राहिल्या. त्यानंतर त्या उठल्या. १७९५ साली मृत्यू येईपर्यंत त्या राज्य पाहत होत्या.

रोममध्ये पाच दिवस, महेश्वरला तीन दिवस! हे दिवस मला फार मोलाचे वाटतात. स्थितप्रज्ञ म्हणजे ज्याला शोक होत नाही तो, असे आपण मानले तर ही दोन्ही माणसे नापास होतील. परंतु शोकाला त्याचे दिवस देऊन जो पुन्हा आपल्या कामाच्या जागी येऊन बसतो तो स्थितप्रज्ञ, असे मानले तर यांच्याइतकी थोर उदाहरणे इतिहासात थोडी आहेत.

तथापि इतिहासाने केवळ आरती ओवाळू नये. मार्कस गुलामाचा शिष्य, पण त्याच्या साम्राज्यात गुलामगिरी जशीच्या तशी राहिली. गुलामांच्या मुक्ततेला अनुकूल असे न्यायनिवाडे त्याने केले, एवढेच. ज्या रस्टिकसने त्याला तत्त्वज्ञान शिकविले, त्यानेच रोमचा नगराधिकारी या नात्याने जस्टिन या ख्रिस्ती विचारवंताला मृत्युदंड दिला. १७७ साली आजच्या फ्रान्समधील लीयों शहरात ख्रिस्ती लोकांचे हाल झाले, तेव्हा राज्य मार्कसचेच होते. सर्व माणसे एका नगरीची म्हणणाऱ्याच्या नगरीत या माणसांना जागा मिळाली नाही. आणि मागच्या सम्राटांनी योग्य माणूस पाहून दत्तक घेतला असता, मार्कसने राज्य दिले ते पोटच्या कॉमोडसला. १८० साली मार्कस डॅन्यूबकाठच्या मोहिमेवर असताना वारला. कॉमोडसने मन मानेल तसे राज्य केले आणि १९२ साली त्याचा खून झाला. इकडे अहिल्याबाई स्वतः चितेपासून परत आल्या आणि त्यामुळे एका दौलतीचे भाग्य उजळले. पण त्यांच्या लेकीला मात्र रूढीने सोडले नाही. राज्यात ज्यांचा शब्द चालत होता, त्यांचा शब्द चितेपाशी चालला नाही. त्यांच्यामागे तुकोजीही १७९७ साली गेले आणि होळकरांच्या घरात भाऊबंदकी माजली.

यावरून काय घ्यावयाचे? थोर मनाचा राज्यकर्ता हे प्रजेचे भाग्य खरे. परंतु त्याच्या सद्गुणांचा वारसा गादीबरोबर आपोआप जात नाही आणि एकट्याच्या आत्मसंयमाने रूढी मोडत नाही. ती मोडावयाची तर पुष्कळांनी मिळून, कायद्याने आणि लोकशिक्षणाने मोडावी लागते. सतीची चाल ब्रिटिश मुलखात १८२९ साली बंद झाली ती अशीच, राममोहन रॉय यांच्यासारख्यांच्या खटपटीने आणि सरकारच्या कायद्याने. आता राजे गेले; १९४८ साली हैदराबादचे संस्थानही गेले. राज्यकर्त्याचा अधिकार थोडाथोडा आपणा सर्वांच्या वाट्याला आला आहे. तेव्हा राज्यकर्त्याची परीक्षाही थोडीथोडी आपल्याच वाट्याला आली आहे. पंचायतीत, शाळेच्या समितीत, बाजार समितीत, किंबहुना घरातल्या वाटणीच्या वेळी सुद्धा आपण सारे लहानसे मार्कस असतो. आपल्या हातचे काय आणि हातचे नाही काय, हा प्रश्न तेव्हा स्वतःला विचारता येतो. त्याच्या जोडीला आणखीही एक प्रश्न विचारावा, जो त्या दोघांकडून पुरता विचारला गेला नाही: जे हातचे नाही असे मी समजून बसलो आहे, ते दहा जणांनी मिळून हात घातला तर हातचे होईल काय?

पुन्हा औंढ्याला जाल तेव्हा गाभाऱ्यातून बाहेर आल्यावर क्षणभर त्या शिखराकडे पाहा. खालचा दगड एका पिढीने घडविला, तो भंगला, आणि वरचे काम दुसऱ्या पिढीने केले. मोडलेल्यावर पुन्हा बांधणे हे माणसाच्या हातचे आहे. ते तीन दिवस आणि ते पाच दिवस संपल्यावर त्या दोघांनी हेच केले.