पोंचकी

पोंचकी : यीस्टने फुगविलेल्या मैद्याच्या पिठाचे, गोल, तळीव व मुरंबागर्भ असे पोलिश पक्वान्न. ईस्टरपूर्व उपवासकाळ ज्या बुधवारी सुरू होतो, त्याच्या आधीच्या गुरुवारी ती खाण्याचा रिवाज पोलंडमध्ये आजही निष्ठेने पाळला जातो.

घरगुती कृतीत सुमारे ५०० ग्रॅम मैद्यास पाव लिटर कोमट दूध, ५–६ अंड्यांचे बलक, लोणी, थोडी साखर व ताजे यीस्ट घेऊन पीठ मऊ व लवचिक होईपर्यंत मळतात. त्यात चमचाभर तीव्र मद्यार्क घालण्याची तजवीज असते, कारण तळताना तो वाफ होऊन निघून जातो व पीठ फाजील चरबी शोषीत नाही, अशी सुगरणींची धारणा आहे. पीठ दुप्पट फुगल्यावर गोळे वळून त्यांना पुन्हा विसावा द्यावा लागतो, आणि या दुसऱ्या विसाव्यात घाई करणे हेच बहुतेक फसलेल्या घाण्यांचे मूळ होय. तळण्यास परंपरेने डुकराची चरबी वापरतात. तिचे तापमान सुमारे १७५° से. राखावे लागते, अन्यथा बाहेरून करपून आत कच्चेपणा राहतो. उत्तम फुगलेला गोळा हलका असल्याने अर्धाच बुडतो, त्यामुळे त्याच्या मध्यावर उमटणारा फिकट पट्टा ही कौशल्याची खरी साक्ष मानावी.

सारणासाठी गुलाबपाकळ्यांचा मुरंबा सर्वश्रेष्ठ, आलुबुखाराचाही चालतो. वरून साखरेचा पातळ लेप देऊन पाकवलेली संत्र्याची साल पेरतात. अमेरिकेतील डेट्रॉइट परिसरात स्थायिक झालेल्या पोलिश कुटुंबांत पोंचकी खाण्याचा हा रिवाज गुरुवारऐवजी उपवासापूर्वीच्या मंगळवारी पाळला जातो.