बर्मिंगहॅम : फादर कॉइल ते बिशप ड्यूरिक

अमेरिकेतील वर्णद्वेषाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे गोरे आणि काळे असे दोनच पक्ष उभे राहतात. कॅथलिक माणूस त्या वेळी कोणत्या बाजूला होता, हे विचारायचे बहुधा राहून जाते. त्याने तेथे छळ सोसला, आणि दुसऱ्याचा छळ चालला असताना सबुरीचा सल्लाही दिला. या दोन्ही गोष्टी एकाच शहरात, अवघ्या बेचाळीस वर्षांच्या अंतराने घडल्या. म्हणून आम्ही येथे त्या एका शहराचीच हकिकत सांगणार आहोत. ते शहर म्हणजे अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम.

अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यानंतर, १८७१ साली, हे शहर वसले. कच्चे लोखंड, कोळसा आणि चुनखडी ही तिन्ही खनिजे तेथे जवळजवळ सापडत. त्यामुळे भट्ट्या पेटल्या आणि मजूर आले. त्यांत शेतमजुरी सोडून आलेले कृष्णवर्णीय होते, तसेच आयरिश आणि इटालियन कॅथलिकही होते. दक्षिणेकडील जुन्या प्रॉटेस्टंट समाजाला हे नवे कॅथलिक शेजारी मानवले नाहीत. हे लोक पोपचे हस्तक आहेत, त्यांच्या मठांत तरुण मुलींना कोंडून ठेवतात, अशा वावड्या उठत. त्या नुसत्या वावड्याच राहिल्या असत्या तर गोष्ट वेगळी होती. परंतु १९१९ साली अलाबामाच्या विधिमंडळाने धर्मभगिनींच्या मठांची झडती घेण्याची मुभा देणारा कायदाच संमत केला. ज्या देशाच्या राज्यघटनेने १७९१ पासून धर्मस्वातंत्र्याची हमी दिली होती, त्याच देशात हे घडले, हे ध्यानात घ्यावे.

अशा या गावात सेंट पॉल चर्चचे प्रमुख धर्मगुरू होते फादर जेम्स कॉइल. आयर्लंडमधील रॉसकॉमन परगण्यात जन्मलेले फादर १९०४ पासून बर्मिंगहॅममध्ये होते. कॅथलिकांविरुद्ध वृत्तपत्रांत काही छापून आले की ते सडेतोड उत्तर लिहीत. त्यामुळे त्यांना धमक्या येत.

११ ऑगस्ट १९२१ रोजी त्यांनी एक विवाह लावला. वधू रूथ स्टीव्हन्सन, वय अठरा. तिने आईवडिलांच्या नकळत काही महिन्यांपूर्वीच कॅथलिक श्रद्धा स्वीकारली होती. वर पेद्रो गुसमान, मूळचा पोर्तो रिकोचा, घरांच्या भिंतींना शोभेचे कागद चिकटवण्याचा व्यवसाय करणारा, वयाने तिच्याहून पुष्कळ मोठा. रूथचे वडील एडविन स्टीव्हन्सन हे मेथडिस्ट पंथाचे पाळक. न्यायालयाच्या आवारात येणाऱ्या जोडप्यांचे विवाह फी घेऊन लावून देणे, हा त्यांचा उद्योग. त्याच संध्याकाळी ते फादरांच्या निवासाच्या व्हरांड्यात आले, शब्दाला शब्द वाढला, आणि त्यांनी पिस्तूल झाडले. फादर कॉइल यांचा अंत झाला. स्टीव्हन्सन मात्र चालत गेले आणि स्वतःहून अधिकाऱ्यांच्या स्वाधीन झाले.

मुलगी आपल्याला न विचारता दुसऱ्या पंथात गेली, तिकडेच तिने लग्न केले, याने बापाच्या मनाची काय अवस्था होते, हे आम्हांला समजत नाही असे नाही. आपल्या घरांतही असे प्रसंग येतात. कित्येक कुटुंबांत वर्षानुवर्षे अबोला धरला जातो. परंतु खटल्यात जे झाले ते बापाच्या दुःखाच्या फार पलीकडचे होते.

आरोपीच्या बचावाचा खर्च कु क्लक्स क्लॅन या गुप्त संघटनेने उचलला. १९१५ साली पुनर्जन्म झालेली ही संघटना कृष्णवर्णीयांच्या जोडीला कॅथलिक, ज्यू आणि परदेशांतून आलेले लोक यांनाही आपले शत्रू मानीत असे. वकील होते ह्यूगो ब्लॅक, एक हुशार आणि महत्त्वाकांक्षी तरुण. त्यांनी फिर्यादीच्या साक्षीदारांना, तुम्ही कॅथलिक ना, असे विचारून त्यांची साक्ष हलकी पाडली. नंतर त्यांनी पेद्रो गुसमान याला ज्यूरीपुढे उभे केले. त्या वेळी न्यायालयाच्या दालनातील उजेड मुद्दाम कमी करण्यात आला होता. हेतू असा की, अंधुक प्रकाशात त्याचा सावळा वर्ण अधिक गडद दिसावा.

आम्ही या प्रसंगापाशी थोडे थांबतो, कारण सगळ्या कहाणीची गुरुकिल्ली येथे आहे. गोरे व कृष्णवर्णीय यांच्या विवाहाला अलाबामाच्या १९०१ च्या राज्यघटनेत बंदी होती. मारेकऱ्याने एका कॅथलिक धर्मगुरूला मारले, एवढे सांगून ज्यूरीचे समाधान झाले नसते. धर्मगुरूने गोऱ्या मुलीचा हात ‘काळ्या’ पुरुषाच्या हातात दिला, हे सुचवताच खून हा जणू घराण्याच्या अब्रूचे रक्षण ठरला. धर्माचा द्वेष जेथे अपुरा पडला तेथे वर्णाचा द्वेष मदतीला बोलावण्यात आला. ऑक्टोबर महिन्यात आरोपी निर्दोष सुटला.

ह्यूगो ब्लॅक १९२३ साली स्वतः क्लॅनचे सभासद झाले, दोन वर्षांनी बाहेर पडले, १९२६ साली सिनेटवर निवडून गेले, आणि १९३७ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांना सर्वोच्च न्यायालयावर नेमले. त्यांचे क्लॅनचे सभासदत्व वृत्तपत्राने उघडकीला आणले, तेव्हा देशभर गहजब झाला. पण पुढे याच ब्लॅक यांनी धाकाने कबुलीजबाब घेतलेल्या कृष्णवर्णीय आरोपींची शिक्षा १९४० साली रद्द ठरवणारा निकाल लिहिला, आणि शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या एकमुखी निर्णयात ते सहभागी होते. माणसाचा हिशेब एका खटल्यावरून मांडू नये, एवढे तरी यातून दिसते. फादर कॉइल यांना मात्र त्याचा काही उपयोग नव्हता.

राजकारणात तर याहून चमत्कारिक गोष्ट घडली. १९२८ साली अल स्मिथ हे अध्यक्षपदासाठी एका मोठ्या पक्षाने उभे केलेले पहिले कॅथलिक उमेदवार. दक्षिणेतील कित्येक राज्ये बऱ्याच अंशी त्यांच्या धर्मामुळे डेमोक्रॅटिक पक्षापासून दूर गेली. मठांच्या झडतीचा कायदा करणाऱ्या अलाबामाने मात्र थोड्याशा मताधिक्याने स्मिथ यांनाच कौल दिला! याला सहिष्णुता म्हणता येणार नाही. गोऱ्यांचे वर्चस्व राखणारा पक्ष म्हणून तेथील लोक त्या काळी डेमोक्रॅटिक पक्षाकडे पाहत. पोपची भीती मोठी होती, पण कृष्णवर्णीयांच्या हाती मत जाण्याची भीती तिच्याहून मोठी होती. पुढे १९६० साली जॉन केनेडी निवडून आले आणि कॅथलिक माणूस अमेरिकेत पूर्णपणे ‘आपला’ झाला.

आता १९६३ साल. बर्मिंगहॅममध्ये दुकानांतील खाणावळी, नळ, बाके, शाळा, सारे काही वर्णाप्रमाणे वेगळे होते. मार्टिन ल्यूथर किंग यांनी तेथे सत्याग्रह आरंभला, आणि १२ एप्रिलला, शुभ शुक्रवारी, त्यांना अटक झाली. त्याच तारखेचे एक पत्रक शहरातील आठ धर्मपुढाऱ्यांनी काढले. निदर्शने अवेळी आहेत, बाहेरच्या लोकांनी ती चेतवली आहेत, गाऱ्हाणी न्यायालयात मांडावीत, असा त्याचा मथितार्थ. खाली सह्या होत्या : मेथडिस्ट बिशप, एपिस्कोपल बिशप, बॅप्टिस्ट आणि प्रेस्बिटेरियन पाळक, एक ज्यू रब्बी, आणि कॅथलिक साहाय्यक बिशप जोसेफ ड्यूरिक.

मेथडिस्ट पाळकाने कॅथलिक धर्मगुरूला गोळी घातली, त्याला बेचाळीस वर्षे झाली होती. आता त्या दोन्ही पंथांच्या बिशपांची नावे एकाच कागदावर आली, साथीला रब्बीही. धर्माधर्मांतले हे सख्य पाहून कोणालाही आनंद वाटावा. पण त्या आठांत कृष्णवर्णीय एकही नव्हता. एके काळी क्लॅनने ज्यांना बाहेर ठेवले ते आत आले होते, आणि दार पुन्हा लोटले गेले होते.

हे सर्वजण दुष्ट नव्हते. त्याच वर्षी जानेवारीत, गव्हर्नर वॉलेस वर्णभेद सदैव टिकवण्याची गर्जना करत असताना, त्यांपैकी बहुतेकांनी कायदा पाळण्याचे आवाहन केले होते, आणि त्या वातावरणात त्यालाही धैर्य लागे. किंग यांनी तुरुंगातून या आठांना जे उत्तर लिहिले ते जगप्रसिद्ध आहे. त्यात कॅथलिकांना श्रेयही दिले आहे, कारण मोबिल येथील जेझुइटांच्या स्प्रिंग हिल कॉलेजने १९५४ सालीच कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश दिला होता. परंतु सज्जनांच्या सबुरीविषयीची त्यांची तक्रार कॅथलिक वाचकाला आजही टोचते, आणि ती टोचावी असेच आम्हांला वाटते. त्या सबुरीच्या पाच महिन्यांनंतर, १५ सप्टेंबरला रविवारी सकाळी, सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये बॉम्ब फुटला आणि चार मुली ठार झाल्या. तिघी चौदा वर्षांच्या, एक अकराची. फादर कॉइल यांचे सेंट पॉल चर्च तेथून काही गल्ल्यांवर आहे.

बिशप ड्यूरिक यांच्या अंतःकरणाला त्या पत्राने घर केले असावे. १९६४ साली ते टेनेसीत नॅशव्हिलला गेले आणि तेथे नागरी हक्कांचे उघड पुरस्कर्ते झाले. त्यापायी आपल्याच श्रद्धावंतांचा रोष त्यांनी पत्करला. १९७५ साली पदत्याग करून त्यांनी तुरुंगातील कैद्यांच्या सेवेला वाहून घेतले. त्यांचे अलाबामातील वरिष्ठ आर्चबिशप टूलन यांची गोष्ट निराळी : त्यांनी १९६४ साली कॅथलिक शाळा सर्व वर्णांना खुल्या केल्या, पण पुढच्याच वर्षी सेल्मा येथील मोर्चात बाहेरगावचे धर्मगुरू आणि धर्मभगिनी आलेले पाहून ते रागावले. एकाच माणसात या दोन्ही वृत्ती नांदत होत्या.

२०१२ साली, राखेच्या बुधवारी, बर्मिंगहॅममधील एका मेथडिस्ट चर्चमध्ये फादर कॉइल यांच्या हत्येबद्दल क्षमायाचनेची आणि समेटाची उपासना झाली. ज्या विवाहापायी त्यांचा प्राण गेला तसल्या विवाहांवरील कलम मात्र अलाबामाच्या राज्यघटनेतून त्याआधी बारा वर्षे, म्हणजे २००० सालीच, निघाले होते. १९६७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने ते निर्जीव झाले असूनही छापील राहिले होते. ते काढावे की नाही यावर जनमत घेण्यात आले, तेव्हा शंभरांतील सुमारे चाळीस मतदारांनी ‘ठेवावे’ असे मत दिले.