नांगर आणि शेतकऱ्याचें मन

लक्ष्मणराव किर्लोस्कर मूळचे चित्रकलेचे विद्यार्थी. रंगभेद नीट उमगेना म्हणून ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले. पुढें बेळगांवीं त्यांनीं लोखंडी नांगर घडविला, पण शेतकरी त्याला हात लावीना. लोखंडानें जमिनीस विषबाधा होते, अशी त्याची समजूत! तिला आम्ही निव्वळ अडाणीपणा म्हणणार नाहीं. ज्याचें वर्षाचें पोट एका पेरणीवर, त्यानें नवें अवजार भीतभीतच हातीं धरावें. पहिले नांगर खपावयास सुमारें दोन वर्षें लागलीं. १९१० सालीं औंध संस्थानांत, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसूं लागली. १९२० सालीं शंकरराव किर्लोस्करांनीं ‘किर्लोस्कर खबर’ काढली. कारखान्याची वार्ता ग्राहकांस कळविणारें तें पत्र पुढें घरोघर वाचलें जाणारें मासिक झालें, आणि आम्हां वाचकांस नांगरापेक्षां तेंच अधिक आठवतें.